खांद्यापुढची गाठ

लम्पी या चर्मरोगाच्या पहिल्या दिवशी गाईच्या अंगावर एकही गाठ नसते. अंगात ताप असतो, डोळ्यांतून पाणी गळत असते, रवंथ थंडावलेला असतो आणि सकाळच्या धारेला दूध एकदम घटलेले असते. अशा वेळी अनुभवी पशुवैद्यक थर्मामीटर लावतो आणि दुसरा हात गाईच्या खांद्यापुढे नेतो. मान जिथे खांद्याला मिळते तिथल्या खोलगट जागेत, कातडीखाली एक लसिकाग्रंथी असते. निरोगी गाईत ती चाचपून शोधावी लागते. लम्पीच्या तापात ती आपणहून हाताला लागते, टणक आणि वाढलेली. काही जनावरांत तर चार हातांवरून दिसते. तशीच दुसरी ग्रंथी मागच्या मांडीच्या पुढे असते. त्यानंतर कातडीवर गाठी उठतात आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते. फोटो त्यांचेच निघतात. पण गाय तगेल का, तगली तर पुन्हा दुधावर येईल का, याचा निकाल बराचसा या आतल्या ग्रंथींत आणि त्यांतून रक्तात उतरणाऱ्या पांढऱ्या पेशींत लागतो. हे प्रकरण त्या पेशींविषयी आहे.

ही गोष्ट नांदेड जिल्ह्यातल्या कंधारकडून सांगायची, कारण या तालुक्याने आपले नाव एका गोवंशाला दिले आहे. लाल कंधारी. गडद तांबडा रंग, रुंद कपाळ, लांब लोंबते कान, डोळ्यांभोवती काळसर कड. या जनावराला ‘लखलबुंदा’ असेही एक जुने नाव आहे. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजाने या जनावरांना आश्रय दिला, अशी परंपरा सांगतात. मन्याडच्या खोऱ्यात आणि आसपास कंधार, लोहा, मुखेड, बिलोली हा तिचा मूळ पट्टा. तिकडे अहमदपूर आणि परभणीपर्यंत ती पसरलेली. शेजारी उदगीरकडे देवणी आहे, ती दुधाला बरी. लाल कंधारी मुळात औताची. एका वेतात सहाशे लिटरच्या आसपास दूध, म्हणजे घरच्या पोरांना पुरून थोडे डेअरीला. त्यामुळे ज्याला दुधाचा धंदा करायचा तो त्याच दावणीला एखादी संकरित होल्स्टीन किंवा जर्सी बांधतो. एकाच गोठ्यात तांबडा बैल, देवणी कालवड आणि काळीपांढरी संकरित गाय, आणि तिघांना चावणारी माशी एकच. विषाणू तोच असला तरी तिघांच्या अंगात त्याची वाटचाल सारखी होत नाही. साधारणपणे पातळ कातडीच्या, जास्त दूध देणाऱ्या संकरित जनावरांना लम्पी जड जातो. मात्र देशी जनावराला तो होत नाही, ही समजूत २०२२ ने पार पुसून टाकली.

लम्पीची पहिली नोंद १९२९ ची, आजच्या झांबियातली. भारतात तो ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात सापडला, २०२० मध्ये विदर्भात आला. मोठी लाट २०२२ ची. महाराष्ट्रात त्या वर्षी ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी पहिले जनावर आढळले आणि पावसाळा संपेपर्यंत रोग राज्यभर पोचला. नांदेड आणि लातूरही सुटले नाहीत. सप्टेंबरमध्ये सरकारने सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने बंद झाली. हळी हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावच्या खंडोबाची यात्रा यांवर ज्यांची वर्षाची खरेदी-विक्री चालते, त्यांच्यासाठी त्या बंदीचा अर्थ काय होता हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. देशभरात त्या वर्षी दीड लाखांहून अधिक जनावरे गेली.

विषाणू गाईच्या अंगात शिरतो तो बहुतेक वेळा चावऱ्या माशीच्या सोंडेतून. डास आणि गोचीडही तो वाहतात. गोठ्यातली चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच, पण तिची सोंड पुढे आलेली आणि टोकदार. ती गाठ आलेल्या जनावरावर बसते, अर्धवट पोट भरून उडते आणि शेजारच्या जनावरावर उरलेले जेवण पुरे करते. रक्तापेक्षा गाठीत विषाणू कितीतरी जास्त असतो, म्हणून गाठीवर बसलेली माशी सर्वांत घातक. कातडीत उतरलेला विषाणू तिथल्या पेशींत वाढू लागतो. भक्षक पेशी त्याला गिळतात आणि ओळख पटवण्यासाठी लसिकाग्रंथीकडे घेऊन जातात. खांद्यापुढची गाठ फुगते ती इथे: आलेल्या विषाणूशी जुळणाऱ्या टी आणि बी पेशी शोधल्या जातात आणि त्यांची झपाट्याने पैदास सुरू होते. ही व्यवस्था चांगली आहे. अडचण अशी, की ती लावायला सात ते दहा दिवस लागतात, आणि विषाणूला तेवढे लागत नाहीत.

तोवरचा वेळ सांभाळायला शरीराकडे दुसरे साधन आहे. पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी ती ओळखून आपली दारे लावून घेतात. १९५७ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांनी हे शोधले. गावात साथ आल्याची दवंडी पिटावी तसे हे काम. लम्पीचा विषाणू नेमका दवंडीवाल्याला वेशीत गाठतो. देवीच्या कुळातला हा विषाणू आकाराने आणि जनुकांनी मोठा आहे; २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा सुमारे दीड लाख अक्षरांत दीडशेच्या वर जनुके दिसली. त्यांतली कित्येक त्याच्या स्वतःच्या वाढीला लागतच नाहीत. ती गाईच्या निरोपांत खोडा घालण्यासाठी आहेत. काही जनुकांपासून इंटरफेरॉनला चिकटणारी प्रथिने तयार होतात. ती पेशींबाहेर तरंगत राहतात आणि निरोप पोचायच्या आत पकडून ठेवतात. इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-१८ या निरोपांसाठीही असेच सापळे आहेत. आणि एक जनुक तर इंटरल्यूकिन-१० शी मिळत्याजुळत्या प्रथिनाचे आहे. इंटरल्यूकिन-१० हा शरीराचा स्वतःचा ‘आता पुरे, शांत व्हा’ असा आदेश. दाह फार वाढला की तो निघतो. विषाणू तोच आदेश साथ ऐन भरात असताना काढतो. या रोगाबद्दल मी जे काही वाचले त्यात मला सर्वांत हादरवणारी गोष्ट हीच वाटते: लाखो वर्षांच्या सहवासात कधीतरी एखाद्या प्राण्याकडून उचललेले जनुक विषाणूने त्याच्याच जातभाईंविरुद्ध ठेवून दिले आहे.

याचा परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसतो. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल जास्त आणि लिम्फोसाइट, म्हणजे त्याच टी आणि बी पेशी, कमी. गाईत उलटे, दर न्यूट्रोफिलमागे साधारण दोन लिम्फोसाइट. गाईच्या एका मायक्रोलिटर रक्तात चार ते बारा हजार पांढऱ्या पेशी असतात. तापाच्या पहिल्या दिवसांत हा आकडा घसरतो आणि त्यात लिम्फोसाइटची घट मुख्य असते. काही पेशी मरतात, काही रक्त सोडून सुजलेल्या ग्रंथींत आणि कातडीत जाऊन बसतात. कारण काहीही असो, रक्ताच्या गस्तीवर त्या काळात माणसे कमी असतात. नेहमी कासेच्या किंवा फुप्फुसाच्या दाराशीच थोपवले जाणारे जिवाणू तेव्हा आत येतात. म्हणून लम्पीच्या गाईला दगडी होते, न्यूमोनिया होतो, फुटलेल्या गाठींत अळ्या पडतात. गोचिडांतून येणारा थायलेरिया संकरित जनावरांच्या रक्तात एरवी दबून राहिलेला असतो. तो अशा वेळी डोके वर काढतो, आणि मालक म्हणतो की लम्पी बरा झाला होता, मग गाय का गेली. ती बरी झालेली नव्हती. गाठी बसल्या होत्या.

गाठीचेही तसेच. त्या नुसत्या विषाणूच्या नसतात. विषाणू कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत घुसतो, पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात, दाहाने वाहिन्या सुजतात, रक्त गोठते आणि पुढच्या कातडीला रक्तच पोचत नाही. मग दोन-पाच सेंटिमीटरची ती गाठ काळी पडते, कडा सुटतात आणि मधला मेलेला तुकडा खुंटीसारखा उभा राहतो. तो गळाला की खोल जखम. पाय आणि पोळी सुजतात तेही याच वाहिन्यांमुळे. प्रतिकार आधी दाबला गेला आणि मग उशिरा, बेहिशेबी उसळला, असे दोन्ही एकाच गाईत घडते.

आता दुधाकडे येऊ. ताप आला की दूध आटते हे सर्वांना माहीत आहे, पण का? चारा कमी खाल्ला हे अर्धे उत्तर. पांढऱ्या पेशी चेतवल्या गेल्या की त्यांचे इंधन ग्लुकोज, आणि त्यांची भूक अफाट. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी दुभत्या होल्स्टीन गाईंची प्रतिकारयंत्रणा जिवाणूच्या घटकाने मुद्दाम चेतवून मोजमाप केले. बारा तासांत एक किलोहून अधिक ग्लुकोज त्या यंत्रणेने खाल्ले. एक लिटर दूध तयार व्हायला सुमारे सत्तर ग्रॅम ग्लुकोज लागते, कारण दुधातली साखर त्यापासूनच बनते आणि ती साखर जितकी, तितके पाणी कासेत ओढले जाते. साखर नाही तर दूध नाही. लाल कंधारीसारख्या दोन-तीन लिटरच्या गाईचे आकडे होल्स्टीनइतके नसतील, पण हिशेब तोच. आजारी गाय आपले दूध पांढऱ्या पेशींना पाजत असते. म्हणून तापातल्या गाईसमोर कडब्याची पेंढी टाकून भागत नाही. गूळपाणी, भिजवलेला भरडा, कोवळा हिरवा चारा, जे तोंडात जाईल ते हाताने भरवावे लागते. तोंडातही व्रण असतात, हे विसरू नये.

आणि इथेच एक इशारा. ताप झटकन उतरावा म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची घाई होते. गाय तासाभरात कान हलवते, मालक खूश होतो. पण स्टेरॉइड लिम्फोसाइट दाबते. जे काम विषाणू आधीच करतो आहे त्यालाच आपण हातभार लावतो. ताप उतरवायला दुसरी औषधे आहेत, आणि ती पशुवैद्यकाने वजन पाहून द्यायची असतात.

२०२२ च्या साथीत वासरे फार गेली. त्यामागचे कारण प्रतिकारशक्तीच्या घडणीतच आहे. स्त्रीच्या पोटातल्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी. तिच्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते ते या बाबतीत रिकाम्या हाताने. आईने आयुष्यभर ज्या ज्या रोगांशी सामना केला त्या साऱ्याची प्रतिपिंडे तिने चिकात साठवलेली असतात आणि वासराने ती प्यायची असतात. वासराच्या आतड्याची दारे ही मोठी प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेण्यासाठी जन्मानंतर काही तासच उघडी असतात. पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त, मग उतरत उतरत चोवीस तासांत जवळपास बंद.

आपल्याकडे कित्येक घरांत वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. वार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. वासरू तोवर खुंट्याला हंबरत असते, कुणी तरी त्याला गूळपाणी चाटवते, आणि तिकडे आतड्याची दारे मिटत असतात. वार आणि चीक यांचा काही संबंध नाही. उलट वासराने आचळ ओढले की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी दोन लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. नंतर उरला तर खरवस करावा, शेजाऱ्यांना द्यावा, ती चांगली रीत आहे. पण वाटी आधी वासराची.

२०२२ मध्ये मात्र चीक पाजलेली वासरेही गेली. त्यांच्या आयांनी लम्पी कधी पाहिलाच नव्हता, त्यांना लसही मिळाली नव्हती, मग चिकात लम्पीची प्रतिपिंडे येणार कुठून? चार महिन्यांखालच्या वासरांना लस द्यायची नाही असे धोरण होते. आईकडून काही नाही आणि सुईकडून काही नाही, अशी ती वासरे साथीच्या तोंडी सापडली. पुढच्या वर्षीची गाभण जनावरे लस घेतलेली होती. गाभण गाईचे लसीकरण हे दोन जिवांचे लसीकरण असते, ते असे.

पांढऱ्या पेशींवरच झडप घालणारा सर्वांत क्रूर विषाणू आपल्या आजोबांच्या पिढीला चांगला माहीत होता: बुळकांडी. गोवराच्या विषाणूचा हा सख्खा भाऊ. लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला धरून तो आत शिरायचा आणि लसिकाग्रंथींतल्या पेशींचा फडशा पाडायचा. जनावर अतिसाराने मरायचे. जे वाचायचे ते पुढे काही आठवडे कुठल्याही दुसऱ्या रोगाला बळी पडायचे. या रोगामुळेच ब्रिटिश सरकारला जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा काढावी लागली, आणि ती निघाली आपल्या पुण्यात, डिसेंबर १८८९ मध्ये. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. मुक्तेश्वरला तिथले संशोधक एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांत वाढवत वाढवत सौम्य केला आणि त्या लशीने देशाला दशकानुदशके तारले. भारतातली शेवटची साथ १९९५ ची, आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसराच विषाणूजन्य रोग. बुळकांडीची लस एकदा टोचली की जनावर जवळपास जन्मभर सुरक्षित राहायचे, आणि विषाणूला दडून बसायला जागा नव्हती. हे दोन गुण होते म्हणून ते जमले.

लाळ्या-खुरकूत याच्या अगदी उलट. हा विषाणू लहानसा, आरएनएचा. पेशीत शिरताच त्याचे एक विकर पेशीचा प्रथिने बनवण्याचा कारखानाच कापून बंद पाडते, त्यामुळे इंटरफेरॉन तयारच होत नाही. प्रतिकारशक्तीची स्मृतीही तोकडी; लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. भारतात ओ, ए आणि एशिया-१ असे त्याचे तीन प्रकार फिरतात आणि एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याला चालत नाहीत, म्हणून लशीत तिन्ही घालतात. बऱ्या झालेल्या काही जनावरांच्या घशात तो महिनोन्‌महिने राहतो. संकरित गाय त्यातून उठली तरी पुढचा उन्हाळा धापा टाकत काढते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेचा हा मुख्य रोग, आणि ज्या गावात एक फेरी चुकते तिथे तो परत येतो.

लम्पीच्या बाबतीत निसर्गाने एक सोय ठेवली होती. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि गाईचा लम्पी हे तीन विषाणू इतके जवळचे आहेत की एकाविरुद्ध शिकवलेली टी पेशी दुसऱ्यालाही ओळखते. म्हणून २०२२ मध्ये वेगळी लस बाजारात नसताना शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली. आधी रोग आढळलेल्या गावाभोवती पाच किलोमीटरपर्यंत, मग सरसकट. महाराष्ट्रात २०१९ च्या गणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश. तेवढ्यांपर्यंत पोचणारे पशुधन पर्यवेक्षक, खासगी डॉक्टर आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी यांची त्या दोन-तीन महिन्यांतली मेहनत नीट लिहून ठेवायला हवी. हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी खास लम्पीच्या विषाणूपासून केलेली लम्पी-प्रोव्हॅक ही लस त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली.

लस टोचली आणि गाय दुसऱ्या दिवसापासून सुरक्षित झाली, असे होत नाही. ग्रंथींतली निवड आणि पैदास इथेही तेवढाच वेळ घेते. भरवशाचे संरक्षण यायला तीन आठवडे लागतात. गावात रोग शिरल्यावर टोचलेल्या गाईला चौथ्या दिवशी गाठी आल्या की लोक लशीला दोष देतात. विषाणू तिच्या अंगात लशीच्या आधीच पोचलेला असतो. दोन दिवस दूध कमी होणे, टोचल्या जागी सूज येणे ही यंत्रणा जागी झाल्याची खूण आहे. आधीच ताप असलेल्या जनावराला मात्र लस देऊ नये, आणि दर जनावराला सुई बदलावी. एका सुईवर दावण उरकणे म्हणजे चावऱ्या माशीचे काम आपण करणे.

दगावलेल्या दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार अशी मदत सरकारने २०२२ मध्ये ठरवली. वाचलेल्या जनावराच्या बुडालेल्या दुधाला आणि हुकलेल्या पेरणीला कुठलाही आकडा नव्हता. लम्पीतून उठलेला बैल महिनाभर तरी जुवाखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढऱ्या पेशी सावरायला, जखमा भरायला आणि सुजलेले पाय उतरायला तेवढा अवधी लागतो. रब्बीची वाफसा आलेली जमीन समोर दिसत असताना हे पाळणे किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. तरी अशा घाईत बैल कायमचा खचल्याचे सांगणारी घरे या भागात आहेत.

लाल कंधारीच्या बाबतीत आणखी एका जनावराची वेगळी काळजी घ्यावी लागते, ती वळूची. या जातीची पैदास आजही बरीचशी गावातल्या निवडक वळूकडून होते, आणि चांगला वळू पाच-सहा गावांत मिळून एखादा असतो. वृषण हा शरीरातला असा अवयव आहे जिथे प्रतिकारयंत्रणेला मुद्दाम आवरून धरलेले असते, नाहीतर तिने शुक्रपेशींनाच परके समजून मारले असते. विषाणूला ही जागा सोयीची पडते. दक्षिण आफ्रिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वळूच्या वीर्यात जिवंत विषाणू ४२ दिवसांपर्यंत आणि त्याच्या जनुकांचे अंश १५९ दिवसांपर्यंत सापडले. गाठी बसलेला, खाऊन-पिऊन तकतकीत झालेला वळू बाहेरून ठणठणीत दिसतो, आणि माजावर आलेली गाय दारात उभी असते. वीर्य तपासण्याची सोय नसेल तर त्याला निदान पाच-सहा महिने गाईवर सोडू नये. तेवढा काळ कृत्रिम रेतनाच्या लाल कंधारी कांड्या जनावरांच्या दवाखान्यातून मागून घ्याव्यात.